ढवळ्याशेजारी पवळ्या : अतिवाहकाला चिकटलेल्या सेमीमेटलमध्ये नेमकं होतं काय?

टाँगटेस्टर (सांगली)

नमस्कार मंडळी. कुपवाड एमआयडीसीत पॅनेल आणि बसबारची कामं घेतो. प्रश्न फिजिक्सचा आहे, पण विचारणार वायरमनच्या अंगाने, तेव्हा सांभाळून घ्या.

माझी भाची जर्मनीत पीएचडी करते. दिवाळीला आली होती तेव्हा मोबाइलवर तिच्या चिपचा फोटो दाखवला. मायक्रोस्कोपखाली राखाडी रंगाची एक खपली, तिच्यावर दोन्ही बाजूंनी आलेल्या निओबियमच्या पट्ट्या आणि मधे जेमतेम अर्ध्या मायक्रॉनची फट. खपली टंगस्टन डायटेल्युराइडची. याला म्हणे टोपोलॉजिकल सेमीमेटल म्हणतात. एवढी जाड खपली एकटी घेतली तर अतिवाहक (सुपरकंडक्टर) नाही. पण निओबियम टेकवून गार केली की या पट्टीतून त्या पट्टीत करंट जातो आणि मीटरवर व्होल्टेज शून्य!

आमच्या धंद्यात सगळं मरण जोडात असतं. २०१९ च्या महापुरानंतर पाण्यात बसलेली पॅनेलं खोलली, तेव्हा अॅल्युमिनियम बसबारच्या प्रत्येक जोडावर पांढरी पूड. वायर ब्रशने घासा, लगेच कॉन्टॅक्ट ग्रीस चोपडा, टॉर्क पान्याने आवळा, तरी मायक्रोओहम मीटरवर काहीतरी आकडा येतोच. इथे तर दोन जोड आणि मधे अतिवाहक नसलेला पदार्थ. मग ओहम जातात कुठे? भाचीने बराच वेळ सांगितलं, मला निम्मं कळलं, तेवढ्यात तिच्या आईने ताटं वाढली.

भडंगप्रेमी

ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. उत्तर मिळालं, धागा बंद करा. :)

पेंडुलम (विश्रामबाग)

बंद कशाला? म्हण इतकी चपखल बसली आहे की मी तीच धरून पुढे जातो.

टाँगटेस्टरराव, आधी ढवळ्याचं बघू. १९११ मध्ये लायडनला कामरलिंग ओनेस यांना पारा ४.२ केल्विनला रोध सोडताना दिसला. का सोडतो ते कळायला १९५७ उजाडलं. बार्डीन, कूपर आणि श्रीफर यांनी दाखवलं की उलट दिशेने जाणारे, उलट स्पिनचे (स्पिन म्हणजे इलेक्ट्रॉनची अंगची गिरकी समजा) दोन-दोन इलेक्ट्रॉन जोडी करतात आणि अशा सगळ्या जोड्या एकाच कलेत, म्हणजे एकाच फेजमध्ये राहतात. (थ्री-फेजमधली फेज नव्हे बरं का, ही लहरीची.) निओबियममध्ये हे ९.२ केल्विनखाली होतं.

आता जोडाकडे. जोड्यांची शिस्त निओबियमच्या सीमेवर येऊन एकदम तुटत नाही. पलीकडे साधा धातू असेल तर ती त्यात झिरपते आणि हळूहळू विरते. याला प्रॉक्झिमिटी इफेक्ट म्हणतात. किती आत जाते ते तापमानावर आणि पदार्थाच्या स्वच्छतेवर ठरतं. इलेक्ट्रॉन सेकंदाला हजार किलोमीटरने पळणारे असतील, वाटेत धडकाधडकी नसेल आणि तापमान १ केल्विन असेल, तर साधारण सव्वा मायक्रॉन. अशुद्ध पदार्थात तेच शे-सव्वाशे नॅनोमीटरवर येतं. भाचीची फट अर्धा मायक्रॉन का, ते आता लक्षात येईल. फट वाढवली की दोन्ही बाजूंनी झिरपलेला गुण मधे भेटतच नाही.

तुमचा खरा प्रश्न ओहमचा आहे. सेमीमेटलमधला एकटा इलेक्ट्रॉन निओबियमच्या दाराशी आला की त्याला आत जागाच नसते, कारण तिथे दीड मिलिइलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंत एकट्यासाठी एकही पातळी रिकामी नाही. आत जायचं तर जोडीनेच. मग तो एक जोडीदार ओढून घेतो आणि दोघे आत जातात. ज्याला ओढलं त्याची जागा रिकामी पडते आणि ती रिकामी जागा, म्हणजे होल, जवळपास आल्या वाटेने उलटी निघते. हे आंद्रेएव्ह परावर्तन, १९६४ चं. एका इलेक्ट्रॉनच्या बदल्यात दोनाचा प्रभार पार जातो. जोड अगदी निर्मळ असेल तर साध्या धातूपेक्षा दुप्पट सहज करंट जातो.

आता समोर दुसरी निओबियमची पट्टी ठेवा. उलटं निघालेलं होल तिथे जाऊन आपटतं आणि पुन्हा इलेक्ट्रॉन होऊन परततं. ही फेरी स्वतःशी जुळली की दोन पट्ट्यांमध्ये एक कायमची अवस्था बांधली जाते आणि व्होल्टेज न लावता करंट वाहतो. जोसेफसनने १९६२ मध्ये पातळ इन्शुलेशनच्या थरासाठी जे सांगितलं त्याचाच हा भाऊ. ओहम कुठे गेले म्हणता, तर या फेरीत ऊर्जा सांडायला जागाच उरत नाही.

थंडगार_मिरज

मिरजेत हॉस्पिटलांची एमआरआय मशीन सांभाळतो. आमच्याकडे शून्य ओहमचे जोड रोजचेच. मॅग्नेटची तार निओबियम-टायटॅनियमची, द्रव हेलियममध्ये ४.२ केल्विनला. एकदा चार्ज केलं की सप्लाय काढून घेतात आणि करंट आतल्या आत वर्षानुवर्षं फिरत राहतो. तारेचे जोडही अतिवाहकच असतात, त्यासाठी शिसं-बिस्मथचं खास सोल्डर वापरतात. जोड किंचित जरी कच्चा राहिला तर चुंबकक्षेत्र घसरायला लागतं आणि ते आम्हाला आकड्यात दिसतं.

पण आमच्याकडे जोडाच्या दोन्ही बाजूंना अतिवाहक आणि मधलं सोल्डरही अतिवाहक. टाँगटेस्टर म्हणतात तसा मधला भिडू भलत्याच जातीचा नसतो.

खोचक

सगळं ठीक. पण हे साध्या तांब्यातही होतं ना? शिसं आणि तांबं चिकटवून हे प्रयोग साठच्या दशकातच झालेत. मग 'टोपोलॉजिकल' कशासाठी? ग्रँटसाठी?

पेंडुलम

खोचक, होतं, तांब्यातही होतं. फरक म्हणीच्या पहिल्या अर्ध्यात आहे: वाण.

साध्या धातूत इलेक्ट्रॉनांच्या पातळ्या भरपूर आणि प्रत्येक दिशेला दोन्ही स्पिन हजर. अशा सेमीमेटलमध्ये ऊर्जा-पातळ्यांचा भरलेला पट्टा आणि रिकामा पट्टा एकमेकांना जेमतेम काही बिंदूंत शिवतात. त्या बिंदूंजवळ इलेक्ट्रॉन वस्तुमान नसल्यासारखे वागतात. हर्मान वाइलने १९२९ मध्ये मूलकणांसाठी मांडलेलं समीकरण २०१५ मध्ये टँटलम आर्सेनाइडच्या स्फटिकात सापडलं ते असं. असे वाइल बिंदू नेहमी जोडीने येतात, एक डावखुरा आणि एक उजवा, आणि स्फटिकाच्या पृष्ठभागावर त्यांना जोडणाऱ्या अर्धवट कमानी दिसतात. कॅडमियम आर्सेनाइडमध्ये डावा-उजवा एकाच ठिकाणी बसतात, म्हणून तो डिराक सेमीमेटल.

या पदार्थांच्या पृष्ठभागावर किंवा कडेवर इलेक्ट्रॉनचा स्पिन त्याच्या दिशेला बांधलेला असतो. तिथे निओबियमची साधी जोडी झिरपली तर तिला त्या बंधनातच राहावं लागतं. फू आणि केन यांनी २००८ मध्ये टोपोलॉजिकल इन्शुलेटरच्या (आतून इन्शुलेटर, पण पृष्ठभागावरून वाहक) पृष्ठभागासाठी हिशेब मांडला: बाहेरून आलेली जोडी अगदी साधी, पण आत तयार होणारी अतिवाहकता निराळ्या जातीची, जिच्या भोवऱ्यांच्या मध्याशी मायोराना अवस्था, म्हणजे निम्मा इलेक्ट्रॉन आणि निम्मं होल अशा अवस्था, सापडाव्यात. गुण ढवळ्याचा आणि वाण पवळ्याचं. हे मिश्रण ना निओबियममध्ये मिळतं ना नुसत्या सेमीमेटलमध्ये, म्हणून हा खटाटोप.

आणि वाण आडवंही येतं. २०१७ मध्ये लायडनच्याच मंडळींनी गणिताने दाखवलं की चुंबकीय वाइल सेमीमेटलमध्ये आंद्रेएव्ह परावर्तन अडूही शकतं. परतणाऱ्या होलला ज्या हाताचं असायला हवं, त्या हाताची जागा त्या बाजूला शिल्लकच नसते.

भडंगप्रेमी

थोडक्यात, पवळ्या डावखुरा असेल तर गुण लागायलाही पंचाईत.

खोचक

मायोराना नाव आलं की मी पाकीट सांभाळतो. २०१८ चा 'नेचर'मधला डेल्फ्टचा पेपर, नॅनोवायरवाला, २०२१ मध्ये मागे घेतला. 'सायन्स'मधला २०१७ चा कायरल मायोरानाचा पेपर २०२२ मध्ये मागे. फेब्रुवारी २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने चिप जाहीर केली, तिच्यावरही तज्ज्ञांचे आक्षेप. हा विषय असा आहे की प्रत्येकाला जे बघायचं असतं ते दिसतं.

अर्धवटधातू

मामा, धागा काढलास आणि मला लिंक आईकडून मिळाली! असो. भाची ती मीच.

खोचककाका (काका चालेल ना?), तुमच्याशी माझं भांडण नाही. आमच्या लॅबमध्ये ग्रुप मीटिंगला अर्धा वेळ याच वादात जातो. नॅनोवायरचं आमच्या विषयाशी नातं आहे, पण पदार्थ वेगळे. आमच्याकडचा घोळ काय असतो ते सांगते.

आधी जोड. मामा, तुझा वायर ब्रश आमच्याकडे आहे, फक्त तो आर्गॉनचा आहे. टंगस्टन डायटेल्युराइड हवेत ठेवलं की वरचे थर खराब होतात, म्हणून चिकटपट्टीने खपल्या सोलायचं काम नायट्रोजन भरलेल्या ग्लोव्ह बॉक्समध्ये करायचं. मग रेझिस्ट (नक्षी काढण्यासाठीचा लेप) लावायचा, इलेक्ट्रॉन बीमने नक्षी काढायची आणि निर्वात चेंबरमध्ये गेल्यावर निओबियम बसायच्या आधी आर्गॉनच्या आयनांनी वरचा थर खरवडायचा. कमी खरवडलं तर ऑक्साइड राहतं आणि सुपरकरंट, म्हणजे व्होल्टेजशिवाय वाहणारा करंट, दिसत नाही. जास्त खरवडलं तर स्फटिकाची जाळीच मोडते. मग करंट दिसतो, पण तो मोडक्या भागातून जातोय की चांगल्या, हे सांगता येत नाही.

आता मोजमाप. चिप डायल्युशन फ्रिजमध्ये काही दशांश नव्हे, काही शतांश केल्विनपर्यंत उतरवायची आणि करंट हळूहळू वाढवत जायचा. काही मायक्रोअँपिअरपर्यंत रेघ शून्यावर आडवी, मग एकदम उडी. ती उडी म्हणजे क्रिटिकल करंट. आता खपलीला लंब चुंबकक्षेत्र लावायचं आणि प्रत्येक क्षेत्राला ही उडी कुठे येते ते मांडत जायचं. मला सगळ्यात आवडतो तो हा भाग. स्क्रीनवर उभे-आडवे आकडे भरत जातात आणि डोंगर उमटायला लागतात. करंट खपलीच्या पूर्ण रुंदीतून सारखा वाहत असेल तर मधला डोंगर शेजारच्यांच्या दुप्पट रुंद आणि बाजूचे झपाट्याने बुटके. करंट फक्त दोन कडांनी वाहत असेल तर सगळे डोंगर एकाच उंचीचे, एकाच रुंदीचे. डाइन्स आणि फुल्टन यांनी १९७१ मध्येच दाखवलं की या डोंगरांवरून करंट रुंदीत कुठे किती वाहतो ते उलट काढता येतं.

दोन डोंगरांमधलं अंतर ठरतं एका फ्लक्स क्वांटमवरून, २.०७ गुणिले १० चा उणे १५ वा घात वेबर. फट अर्धा मायक्रॉन आणि रुंदी ४ मायक्रॉन धरली तर १ मिलिटेस्ला येतं. प्रत्यक्षात त्याहून बरंच कमी दिसतं, कारण निओबियमच्या पट्ट्या चुंबकक्षेत्र स्वतःतून बाहेर ढकलतात आणि ते फटीत दाटतं.

थंडगार_मिरज

१ मिलिटेस्ला! आमचं मशीन दीड टेस्लाचं. तुमची अख्खी डोंगररांग आमच्या दारातल्या इशाऱ्याच्या पाटीपाशीच संपेल.

टाँगटेस्टर

कडेने करंट दिसला तर ते टोपोलॉजीचं लक्षण, बरोबर?

अर्धवटधातू

इथेच थांब, मामा. लक्षण आहे, पण पुरावा म्हणायचा तर अजून बरंच काही दाखवावं लागतं.

२०२० मध्ये कोरियातल्या गटाने अनेक थरांच्या टंगस्टन डायटेल्युराइडमध्ये असा कडेचा करंट दाखवला आणि त्याचा संबंध स्फटिकाच्या धारांवरच्या टोपोलॉजिकल अवस्थांशी लावला. काम चांगलं आहे. पण कडा हीच खपलीची सगळ्यात वाईट जागा असते. हवा तिथून शिरते, सोलताना ताण तिथे बसतो, रेझिस्टचा चिकटा तिथे उरतो आणि निओबियम कडेवरून वाकून उतरतं. साध्या कारणांनीही कडेला करंट जास्त वाहू शकतो.

आणि स्वित्झर्लंडमधल्या बाझेलवाल्यांनी तर सगळ्यांची झोप उडवली. त्यांनी टंगस्टन डायटेल्युराइडवर पॅलेडियम टाकलं. पॅलेडियम अतिवाहक नाही. एवढी जाड खपलीही अतिवाहक नाही. तरी जोडाशी अतिवाहकता सापडली! पॅलेडियम स्फटिकात मुरतं आणि टेल्युरियमबरोबर नवंच संयुग तयार करतं, आणि ते अतिवाहक निघतं.

टाँगटेस्टर

हे मात्र ओळखीचं निघालं. तांबं आणि अॅल्युमिनियम थेट जोडलं आणि जोड तापत राहिला की दोघांच्या मधे तिसराच ठिसूळ थर धरतो, म्हणून तर बायमेटॅलिक लग घालतो आम्ही. फक्त आमच्याकडे तो थर रोध वाढवतो आणि तुमच्याकडे घालवतो. नशीब एकेकाचं.

पेंडुलम

आणि म्हणीचाही निकाल लागला. इथे ढवळ्याच नव्हता. दोन पवळे शेजारी बांधले आणि मधे तिसरंच वासरू झालं.

कोयनाकाठ (कऱ्हाड)

आपल्याकडे या विषयात कोणी काम करतं का?

पेंडुलम

करतात की. मोहालीच्या आयसर या विज्ञानसंस्थेत २०१६ मध्ये कॅडमियम आर्सेनाइडवर चांदीचं बारीक टोक टेकवून अतिवाहकता दाखवली. चांदी स्वतः अतिवाहक नाही हे लक्षात घ्या. त्याच सुमारास बीजिंगमध्येही तसंच दिसलं. पुढच्या वर्षी मोहालीकरांनी टँटलम आर्सेनाइडवरही दाखवलं. प्रश्न तोच, की टोकाखालच्या दाबाने हे झालं की आणखी कशाने? कॅडमियम आर्सेनाइड नुसतं दाबलं तरी साडेआठ गिगापास्कलच्या आसपास, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या ऐंशी-पंच्याऐंशी हजार पट दाबाला, अतिवाहक होतं हे वेगळ्या प्रयोगांत दिसलंय. त्यामुळे दाबाकडे बोट जातंच.

कोयनाकाठ

आणि हे सांगलीत-कऱ्हाडात करता येईल? आमच्याकडे कृत्रिम रेतनाच्या कॅनमध्ये द्रव नायट्रोजन असतो, तो चालेल?

थंडगार_मिरज

नाही हो. तो ७७ केल्विनला उकळतो, निओबियमला ९ च्या खाली न्यायचंय. त्या कॅनमध्ये इट्रियम-बेरियम-कॉपर ऑक्साइडची वडी बुडवून चुंबक तरंगवून दाखवता येईल, तिचा उंबरठा ९३ केल्विन आहे. पोरांना दाखवायला मस्त. पण भाचीच्या प्रयोगाला हेलियम लागतो, आणि तो भारताला बाहेरून आणावा लागतो. भाव विचारू नका.

खोचक

तोंडावरचा प्रश्न राहिलाच. करंट नुसता कडेने जातो म्हणून भागत नाही, तर मग तुम्ही लोक कशावर विश्वास ठेवता? त्या शापिरो पायऱ्यांवर?

अर्धवटधातू

ठेवत होते. :) जोडावर मायक्रोवेव्ह सोडली की व्होल्टेजच्या पायऱ्या पडतात, १ गिगाहर्ट्झला २.०७ मायक्रोव्होल्टची एक. टोपोलॉजिकल जोडात एकाआड एक पायरी गायब व्हायला हवी. २०१८ मध्ये ट्वेंटेच्या गटाने बिस्मथमध्ये ३ टक्के अँटिमनी घातलेल्या डिराक सेमीमेटलमध्ये याच जातीच्या खुणा दाखवल्या. मग २०२१ मध्ये इंडियम आर्सेनाइडच्या अगदी साध्या जोडात, जिथे टोपोलॉजीचा संबंधच नाही, तिथेही पायऱ्या गायब झालेल्या दिसल्या. जोड फार निर्मळ असेल तर इलेक्ट्रॉन एका पातळीवरून दुसरीवर नुसती उडी मारूनही तसं करू शकतो.

म्हणून मला स्वतःला मॉलिब्डेनम डायटेल्युराइडचं काम जास्त पटतं. हा पदार्थ स्वतःच ०.१ केल्विनच्या खाली अतिवाहक होतो. प्रिन्स्टनवाल्यांनी २०२० मध्ये त्याच्या कडेचा वेगळा सुपरकरंट दाखवला. नंतर त्यांनीच त्याला निओबियमच्या पट्ट्या जोडल्या, तर निओबियमच्या जोड्या आणि त्याच्या स्वतःच्या जोड्या यांचं जमेना. चुंबकक्षेत्र बदलताना कडेच्या करंटचे जे चढउतार दिसतात, ते सरळ यायचे सोडून अडखळायला लागले. म्हणजे पवळ्याचा स्वतःचाही काही गुण होता आणि तो ढवळ्याच्या गुणाशी भांडत होता. दोन्ही गुण सारखेच असते तर भांडण झालंच नसतं. यात कोणी 'मायोराना सापडला' म्हणून ओरडत नाही, पण स्फटिकाबद्दल काहीतरी खरं कळतं.

पेंडुलम

सहमत. उलटा परिणामही विसरू नका, गुण देता देता ढवळ्याचंही थोडं जातं. पातळ अतिवाहक जाड धातूला चिकटवला तर त्याचं संक्रमण तापमान खाली येतं. सेमीमेटलमध्ये वाहक कमी, म्हणून निओबियमला फारशी झळ लागत नाही, एवढंच.

टाँगटेस्टर

एक शेवटचं. खरवडल्याने स्फटिक मोडतो म्हणतेस, तर खरवडूच नका की. दोन्ही पृष्ठं मुळात स्वच्छ असली तर नुसती टेकवून भागत नाही का?

अर्धवटधातू

भागतं! निओबियम डायसेलेनाइड नावाचा पदार्थ आहे. तो ७.२ केल्विनला अतिवाहक होतो आणि तोही आमच्या खपलीसारखाच थराथराने सोलता येतो. ग्लोव्ह बॉक्समध्येच दोन्ही ताज्या सोलून एकीवर एक ठेवायच्या. आर्गॉन नको, निओबियमचा फवारा नको. २०२० मध्ये अमेरिकेत टंगस्टन डायटेल्युराइडचा एकच अणुथर अशा खपलीवर ठेवून त्याच्या कडेत अतिवाहक गॅप, म्हणजे एकट्या इलेक्ट्रॉनला जागा नसलेला ऊर्जेचा टापू, मोजली गेली.

मी आता तेच करायला घेतलंय. एकाच खपलीवर तीन वेगवेगळ्या फटी, एकीकडे खरवडून निओबियम, दुसरीकडे नुसती ठेवलेली डायसेलेनाइडची खपली. कडेचा करंट दोन्हीकडे सारखाच दिसला तर तो निदान माझ्या आर्गॉनची करामत नाही एवढं तरी ठरेल.

टाँगटेस्टर

दोन्हीकडचे रीडिंग इथे टाक. आणि खपल्या ठेवल्यावर त्यांच्या मधे बुडबुडे राहतात का तेही लिही, आमच्याकडे बसबारवर स्लीव्ह चढवताना तोच वैताग असतो.

अर्धवटधातू

राहतात रे. दिसले की अख्खा थर पुन्हा उचलते.